दाबा, धरा, सोडा!

मराठी भाषेत पळण्याला जेवढा मान आहे तेवढा थांबण्याला नाही. गाडी 'सुटते', 'धावते', 'भरधाव' निघते. माणूस 'पुढे येतो', 'आघाडी मारतो'. थांबण्याची पाळी आली की आमची भाषा एकदम तोंड वाकडे करते. प्रगतीला 'खीळ बसते', उत्साहाला 'लगाम' घातला जातो, मुलांच्या खर्चाला 'पायबंद' घालावा लागतो. थांबणे म्हणजे जणू काही हरणेच! मी गेली अठरा वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि हे वाक्प्रचार वाक्यांत उपयोग करून दाखवतो. पण थांबणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, तिच्यासाठी अभ्यास लागतो, पैसा लागतो आणि मुख्य म्हणजे धीर लागतो, हे मला दाखवून दिले ते माझ्या भाच्याने; शाळेत मराठीच्या पेपरात नेमाने काठावर पास होत आलेल्या भाच्याने!

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना हा भाचा ठाऊक आहेच. वय सव्वीस, शिक्षण इंजिनिअरिंगचे, नोकरी चाकणच्या एका कारखान्यात आणि प्रेम एका लाल रंगाच्या छोट्या मोटारीवर. मोटार जुनीच घेतलेली. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, अशी तुमच्या-आमच्या दारात उभी असते तसलीच. गेल्या वर्षी दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालता घालता त्याने जाहीर केले, "जानेवारीत मी ही गाडी घेऊन चेन्नईला जाणार आहे. ट्रॅकवर चालवायला."

आमच्या ताईच्या हातातले निरांजन जागच्या जागी थबकले. मेव्हण्यांनी "किती खर्च?" एवढेच विचारले. त्या रात्री ताईचा मला फोन आला. "अरे, तूच त्याला समजाव. तुझं तो ऐकतो." भाचे मामाचे ऐकतात हा बहिणींचा फार जुना समज आहे, आणि मामा लोकही तो मोडीत काढीत नाहीत.

मी समजवायला गेलो आणि समजून घेऊन परत आलो. 'ट्रॅक डे' म्हणजे शर्यत नव्हे. तिथे बक्षीस नाही, पहिला नंबर नाही. शर्यतीसाठी बांधलेला रस्ता एका दिवसापुरता मोकळा ठेवतात. आपण फी भरायची, आपली रोजची गाडी न्यायची, डोक्याला हेल्मेट घालायचे आणि पंधरा-वीस मिनिटांच्या पाळीत आपल्या कुवतीप्रमाणे फेऱ्या मारायच्या. दुसऱ्याला मागे टाकायचे तेही सरळ पट्ट्यावर आणि त्याने हात करून वाट दिल्यावरच. इंग्लंडात हा छंद घरोघरचा. जर्मनीत न्यूर्बुर्गरिंग नावाचा १९२७ साली बांधलेला एक रस्ता आहे. डोंगरातून वळणावळणाने जाणारी त्याची जवळजवळ २१ किलोमीटरची फेरी तिकीट काढून कोणीही मारू शकतो. आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे १९९० पासून असा ट्रॅक आहे. त्याची फेरी सुमारे ३.७ किलोमीटरची. कोइमतूरला २००३ साली दुसरा झाला आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला २०११ साली फॉर्म्युला वनसाठी ५.१२५ किलोमीटरचा तिसरा.

"मामा," भाचा म्हणाला, "रस्त्यावर माझ्यापुढे रिक्षा येते, कुत्रं येतं, उलट्या बाजूनं स्कूटर येते. तिथं कुणी येत नाही. मला जोरात चालवायचंच असेल तर मी एक्स्प्रेसवेवर चालवू, की तिथं जाऊन?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ताईपाशीही नव्हते. म्हणून तिने अट घातली: "मग मामाला बरोबर ने." सगळ्या चर्चेचा निकाल असा लागला!

आता खरा विषय आला, ब्रेकचा. भाच्याला वाटत होते की ट्रॅकवर जायचे तर गाडीला मोठे ब्रेक हवेत. मोठी तबकडी, तिच्यावर मोठा चिमटा, आणि चाकाच्या जाळीतून दिसेल असा त्या चिमट्याला तांबडा भडक रंग. त्याने सगळा हिशेब करून ठेवला होता. आकडा लाखाच्या घरात जात होता. हा हिशेब घेऊन आम्ही ज्या मिस्त्रींकडे गेलो ते साठीचे आहेत. कपाळावर चष्मा, खिशात टेस्टर आणि बोलणे मोजके. त्यांनी कागद पाहिला, घडी घातली आणि परत दिला.

"लाल रंगानं गाडी थांबत नाही, साहेब. तुमचा ब्रेक आत्ता चाक जाम करू शकतो का?"

"करू शकतो की. एबीएस आहे म्हणून करत नाही."

"मग एका वेळच्या थांबण्याला त्याचा जोर पुरतोय. तिथनं पुढं गाडी थांबवतो तो टायर. तुम्हाला एकदा थांबायचं नाहीये. तुम्हाला शंभर वेळा थांबायचंय. तुमचा झगडा जोराशी नाही, तापण्याशी आहे."

हे वाक्य मी लिहून घेतले. मिस्त्री काही सिद्धांत सांगत नव्हते, पण त्यात सगळा सिद्धांत होता. ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो वेगाची उष्णता करतो. पॅड तबकडीवर घासते, तबकडी तापते आणि ती उष्णता हवेत जाते. गाडी आणि आत बसलेला भाचा मिळून अकराशे किलो धरा. ताशी १४० किलोमीटरवरून वळणासाठी ६० वर यायचे तर जी उष्णता निघते तिने सव्वादोन लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. म्हणजे पंधरा माणसांच्या चहाचे आधण! घरी गॅसवर त्याला किती वेळ लागतो ते गृहिणींना विचारा. ब्रेकला मिळतात तीन-चार सेकंद. आणि एका फेरीत अशी कितीतरी लहानमोठी आधणे ठेवावी लागतात. शिवाय वेग दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. मंडईत जाणाऱ्या गाडीच्या ब्रेकला दोन आधणांमध्ये निवायला सवड असते. ट्रॅकवर ती मिळत नाही आणि तबकडी चारशे-पाचशे अंशांपर्यंत जाऊन पोहोचते.

इतके तापल्यावर ब्रेक दोन प्रकारे दगा देतो, आणि दोन्ही प्रकार आपल्या पायाला निरनिराळे कळतात. पहिला दगा पॅडचा. पॅडमधला घासणारा मसाला ज्या राळेने बांधलेला असतो ती राळ मर्यादेबाहेर तापली की तिच्यातून वायू सुटतो आणि पॅड व तबकडी यांच्यामध्ये त्याची पातळ गादी तयार होते. तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा टाकला की थेंब तव्याला न टेकता नाचत राहतो, तसेच काहीसे. अशा वेळी पेडल घट्टच लागते, आपण जिवाच्या आकांताने दाबतो, पण गाडी थांबायचे नाव घेत नाही.

दुसरा दगा तेलाचा. तुमचा पाय आणि चाकाजवळचा चिमटा यांच्यामध्ये ब्रेक ऑईल असते. पायाचा दाब तेच पुढे पोहोचवते. द्रव दबत नाही म्हणून हे चालते. पण चिमटा तापून आतले तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ मात्र दबते. मग पेडल मऊ लागते, खाली जाते, कधी थेट तळाला टेकते. पाय दाबतो आहे आणि पलीकडे कोणी ऐकतच नाही, अशी अवस्था. (वर्गात शेवटच्या तासाला व्याकरण शिकवणाऱ्यांना ती नवीन नाही.)

आणि या तेलाला एक खोड आहे. ते हवेतला ओलावा शोषून घेते. मिस्त्रींनी यासाठी जो शब्द वापरला त्यासाठी मी त्यांना आमच्या विभागात व्याख्यानाला बोलवायला तयार आहे. ते म्हणाले, "तेल सादळतं." पावसाळ्यात डबा उघडा राहिला की पापड सादळतात, पोहे सादळतात, तसेच ब्रेक ऑईल सादळते, फरक एवढाच की पापड तोंडात घालताच कळतो आणि तेलाचे काहीच कळत नाही. बाटलीवर डॉट ३, डॉट ४ असे आकडे असतात. डॉट ४ प्रतीचे नवे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ प्रतीला ताजेपणी २६० आणि सादळल्यावर १८०. खास शर्यतीची तेले तीनशेच्या वरही टिकतात, पण ती वारंवार बदलावी लागतात. डॉट ५ हे मात्र सिलिकोनचे, अगदी वेगळ्या जातीचे. नाव जवळचे दिसले तरी त्याची सोयरीक बाकीच्यांशी करायची नाही.

"गाडीतलं तेल कधी बदललंत?" मिस्त्रींनी विचारले.

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. तेल बदललेच नव्हते. झाकण उघडले तर आत चहाच्या काढ्यासारखा काळपट रंग होता. नवे तेल फिक्या मधाच्या रंगाचे असते.

मग नवा हिशेब झाला. आधी तेल: डॉट ५.१, सीलबंद बाटलीतले. मग पुढची पॅड. इथेही मिस्त्रींनी लगाम घातला. निव्वळ शर्यतीची पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत, किंचाळतात आणि तबकडी खातात. "ही गाडी सोमवारी चाकणला जायची आहे ना? पहाटे सोसायटीच्या फाटकात पहिला ब्रेक लागला पाहिजे." म्हणून मधल्या जातीची, थंडीतही चालणारी आणि जास्त ताप सोसणारी पॅड घेतली. तिसरी गोष्ट रबरी होज पाईपच्या जागी वरून पोलादी तारांची वीण असलेले पाईप. दाब पडला की रबर किंचित फुगते, ही वीण फुगू देत नाही, म्हणून पेडल टणक राहते. तबकड्या मापून पाहिल्या, जाडी शिल्लक होती; त्या तशाच ठेवल्या. भोके पाडलेल्या तबकड्या दिसायला देखण्या, पण सतत तापण्या-निवण्याने त्या भोकांपाशी तडे जातात म्हणून त्या नकोत. आणि लाल चिमटे? मोठा चिमटा बसवला की आतल्या पिस्टनचे माप बदलते, त्याबरोबर पेडलची चाल बदलते, पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधला तोल बिघडू शकतो, चाकही मोठे घ्यावे लागते. वजनदार आणि दांडग्या ताकदीच्या गाडीला त्याची खरी गरज असेल; या गाडीला नाही. शिवाय कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत मोठे फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाची मर्यादा आहे, आणि नेहमीच्या विम्यात शर्यत व वेगचाचणी बसत नाही, हेही मिस्त्रींनीच सांगितले. एकूण खर्च लाखाच्या हिशेबाचा चौथा हिस्सासुद्धा झाला नाही. मेव्हण्यांचा चेहरा प्रथमच जरा निवळला.

तेल बदलण्याचे काम भाच्याने घरीच करायचे ठरवले. पार्किंगमध्ये, मिस्त्रींच्या पुतण्याच्या देखरेखीखाली. या कामाला दोन माणसे लागतात. एक चाकापाशी बसतो, चिमट्यावरच्या निपलला पारदर्शक नळी लावतो; दुसरा आत बसून पेडल दाबतो. आतला पेडल दाबून धरतो तेव्हा बाहेरचा निपल सैल करतो, जुने तेल आणि हवा नळीतून बाटलीत येते, निपल पुन्हा घट्ट केले की मगच आतल्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळे मुसळ केरात. बहुतेक गाड्यांत सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात आणि मास्टर सिलिंडरवरच्या डब्यात तेल सतत भरते ठेवतात. पेडलवर बसायला मी निघालोच होतो, तेवढ्यात मेव्हणे खाली आले. रविवारचा पेपर वाचून संपला होता. "सर बाजूला, मी बसतो," ते मला म्हणाले.

वाचकहो, या पितापुत्रांत गेली दोन वर्षे फारसे बोलणे नव्हते. नोकरी बदलण्यावरून एकदा झाले, लग्नावरून एकदा झाले, आणि मग दोघांनीही बोलायचे टाळण्याची सवय लावून घेतली. त्या दिवशी मात्र पार्किंगमध्ये दोन तास अखंड संवाद चालू होता.

"बाबा, दाबा."

"दाबलं."

"धरा... धरा... मी सांगेपर्यंत सोडू नका."

"धरलंय रे."

"सोडा."

एवढाच संवाद, चार चाकांना मिळून शे-दीडशे वेळा. दुसऱ्या चाकापर्यंत मेव्हणे हुकूम यायच्या आधीच पाय तयार ठेवू लागले. तिसऱ्या चाकाला त्यांनी विचारले, "अजून बुडबुडे येतायत का?" चौथ्याला ते स्वतः उतरून नळीतले तेल पाहायला गेले, आणि फिक्या मधाचा रंग आल्यावर "हं, आता झालं" असे त्यांनीच जाहीर केले. ताई वरून गॅलरीतून पाहत होती. तिने चहा खाली पाठवला. दोन कप, बशीवर बशी झाकून.

नवी पॅड बसवली म्हणजे काम संपत नाही. बिडाचा नवा तवा जसा तेल लावून तापवावा, निववावा आणि पुन्हा तापवावा, तेव्हा कुठे त्याच्यावर डोसे सुटू लागतात, तसे पॅडलाही तबकडीशी जमवून घ्यावे लागते. दुसऱ्या दिवशी पहाटे मोकळ्या रस्त्यावर भाच्याने हळूहळू जोर वाढवीत दहा-बारा वेळा वेग कमी केला. पूर्ण थांबला मात्र एकदाही नाही. मग ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावता गाडी फिरवून निववली. हे न करता कोरी पॅड घेऊन ट्रॅकवर गेले तर पहिल्याच पाळीत ती वायू सोडतात.

ब्रेकसाठी एवढे सव्यापसव्य करणारे आपण पहिले नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने गाडीवान उतारावर चाकाला जुने बूट दाबून गाडी आवरताना पाहिले आणि त्यातून ब्रेकच्या लायनरचा धंदा सुचला, अशी कथा सांगतात. १८९७ सालची ही गोष्ट. तबकडीच्या ब्रेकचे पेटंट लँचेस्टरने १९०२ सालीच घेतले होते, पण त्याचे चीज व्हायला अर्धे शतक जावे लागले. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या गाडीला डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. बाकीच्यांचे ड्रम तापून थकत, म्हणून त्यांना वळणाआधी लवकर पाय आवरावा लागे; जॅग्वारवाले उशिरापर्यंत वेगात राहू शकत. चोवीस तासांची सरासरी त्या वर्षी प्रथमच ताशी १०० मैलांच्या वर गेली. दोन वर्षांनी मर्सिडीजने ड्रमला मदत म्हणून गाडीच्या पाठीवर वाऱ्याला अडवणारे झाकणच बसवले होते! म्हणजे जास्त चांगले थांबता येत होते म्हणून जॅग्वार जास्त वेगाने गेली. हे वाक्य मी आमच्या वर्गात विरोधाभास अलंकाराचे उदाहरण म्हणून देतो.

जानेवारीत आम्ही निघालो. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, हुबळी, बंगळूर अशी वाट; राष्ट्रीय महामार्ग ४८ न सोडता सुमारे बाराशे किलोमीटर. ट्रॅक श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे-पलीकडेच. हे रामानुजाचार्यांचे जन्मगाव. एकाच परिसरात भक्तिमार्ग आणि द्रुतगती मार्ग!

सकाळी गाड्यांची तपासणी झाली, निशाणांचा अर्थ सांगितला: पिवळे म्हणजे सावध, लाल म्हणजे पाळी थांबली, निळे म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. भाच्याच्या दोन पाळ्या छान झाल्या. पाळीची शेवटची फेरी तो ब्रेक न लावता सावकाश मारी, म्हणजे वाऱ्याने तबकड्या निवत. आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले ब्रेक आवळून ठेवायचे नाहीत. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवायचा. ठोकळ्याचे खाते माझ्याकडे होते. २०२० साली सोसायटीच्या दारात कपाळावर रोखत तसली तापमापक बंदूक भाचा तबकडीवर रोखी. निवून आल्यावरही आकडा तीनशेच्या वर दिसे.

तिसरी पाळी वीस मिनिटांची. मी भिंतीआडून फेऱ्या मोजत होतो. चौथ्या फेरीनंतर लाल गाडी सरळ पट्ट्यावर आलीच नाही. त्या अर्ध्या मिनिटात मला ताईचा चेहरा, निरांजनासकट, स्पष्ट दिसला. मग ती हळूहळू आत येणाऱ्या रस्त्यावरून येताना दिसली.

"काय झालं?"

"पेडल खाली जायला लागलं, मामा. फार नाही, अर्धा इंच. ब्रेक लागत होता. पण मघाशी इतकं जात नव्हतं."

निम्म्याहून अधिक पाळी शिल्लक होती. फी पूर्ण भरलेली. बाकीच्या गाड्या गरगर फिरत होत्या. शेजारचा एक तरुण सहानुभूतीने म्हणाला, "दोन-तीनदा पंप करा, येतं वर." येतेही. पंप केल्याने मऊ पेडल तात्पुरते वर येते, आणि पुढच्या वळणाआधी दोन-तीनदा पंप करायला वेळ मिळेल याची हमी मात्र कोणी देत नाही. भाच्याने नुसती मान हलवली आणि तो गाडीच्या सावलीत बसून राहिला. सव्वीस वर्षांचा मुलगा, बाराशे किलोमीटर आलेला, दुसरे मजा करत असताना अर्ध्या इंचासाठी बसून राहिलेला! मी त्याला लहानपणापासून पाहतो आहे. त्याचा इतका अभिमान मला त्याच्या पदवीदानालाही वाटला नव्हता.

पाऊण तासाने सगळे निवल्यावर त्याने डिकीतून नळी, बाटली आणि शिल्लक तेल काढले. या वेळी पेडलवर मी बसलो. "मामा, दाबा. धरा. सोडा." पुढच्या दोन्ही चाकांच्या नळीत साखरेच्या दाण्याएवढे बुडबुडे आले. ते गेले तसे पेडल पुन्हा टणक झाले. शेवटच्या पाळीत तो एक फेरी जोरात आणि एक फेरी सावकाश, अशा हिशेबाने हिंडला आणि हसत बाहेर आला.

संध्याकाळी घरी फोन लावला. ताईने "जेवलात का?" विचारले. मग फोन मेव्हण्यांनी घेतला. खर्च किती झाला हे त्यांनी विचारले नाही. म्हणाले, "पेडल कसं राहिलं?" भाच्याने सगळी हकीकत सांगितली, अर्धा इंच, बुडबुडे, सगळे. पलीकडे क्षणभर शांतता. मग मेव्हणे म्हणाले, "बरं केलंस, आत आलास ते. परत आलास की पुन्हा एकदा काढू हवा. मी बसतो."

वाचकहो, तुमच्यापैकी फार थोडे जण चेन्नईच्या ट्रॅकवर जातील. पण आपला महाराष्ट्र घाटांचा आहे, आणि घाट उतरणारी भरलेली गाडी हा आपल्या प्रत्येकाच्या वाट्याला येणारा ट्रॅकच आहे. दिवाळीच्या सुट्टीत सगळे कुटुंब, फराळाचे डबे आणि टपावर बॅगा घेऊन आंबेनळी, वरंधा किंवा खंबाटकी उतरताना जळका वास आला तर तो पुढच्या ट्रकचाच असेल असे समजू नका. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्या गिअरमध्ये उतार उतरा, म्हणजे निम्मे काम इंजिन करील. ब्रेकवर पाय ठेवून सारखे घासत राहू नका. दाबा, वेग उतरला की सोडा. पेडल मऊ लागले तर पुढच्या वळणापर्यंत वाट न पाहता सुरक्षित जागी थांबा आणि अर्धा-पाऊण तास मुलांना करवंदीच्या जाळ्या दाखवा. पेडल पुन्हा टणक लागले तरी बरे झाले असे समजू नका. बुडबुडे विरले, ओलावा आतच आहे. घाट उतरून पहिले काम मिस्त्रीचे.

आणि घरातल्या गाडीचे ब्रेक ऑईल शेवटचे कधी बदलले ते आज विचाराच. साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. तुमच्या गाडीच्या पुस्तकात मुदत दिलेली असते, ती पाहा. दसऱ्याला हार गाडीच्या नाकावर घालतात, पण सगळ्यांना घरी सुखरूप आणून सोडते ते आतले वाटीभर तेल. ते सादळलेले निघाले तर बदलायला वेळ लावू नका, आणि पेडलवर बसायला घरातल्या ज्या माणसाशी हल्ली फारसे बोलणे होत नाही त्याला हाक मारा. तीन शब्दांचे काम आहे. दिवाळीच्या शुभेच्छा!